बंदसाहेब

दाभाडे साहेब कुठल्याही खोलीत शिरले की आधी एक बटण बंद करायचे, मग नमस्कार करायचे. समोर कोण बसलं आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. आमच्या हॉटेलात ते चीफ इंजिनियर म्हणून रुजू झाले त्या सकाळी मालकांच्या केबिनमध्ये ओळखीपाळखी चालल्या होत्या. हे आत आले, उघड्या खिडकीकडे पाहिलं, चालू एसीकडे पाहिलं आणि एसी बंद केला. "दोन्हीतलं एक काहीतरी ठरवा," असं मालकांना सांगून मग हात जोडले. मालक वजनदार गृहस्थ, त्यांना लगेच घाम फुटला. पण त्यांनी एसी परत लावला नाही. रुमालानं मान पुसत ते हसले. राखणीला आणलेलं कुत्रं पहिल्याच दिवशी कुणाला तरी चावलं की माणूस जसा खूश होतो, तसे.

बॉयलर चालवणाऱ्या रफिकभाईंनी बाहेर आल्याआल्या त्यांचं बारसं केलं. बंदसाहेब. पुढे एकदा तोंडावरच विचारलं, "साब, सांस बी बंद करूं क्या?"

"काम नसेल तेव्हा जरा कमी घ्या," दाभाडे साहेब म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते. त्यांना चेष्टा करता येत नसे.

मी तेव्हाही या हॉटेलात हाउसकीपिंगची प्रमुख होते, आजही आहे. खोल्या, चादरी, टॉवेल, पडदे, संडास हे माझं राज्य. तळघरातली लाँड्री पण माझ्याकडेच होती. आमच्याकडे वेरूळ-अजिंठ्याचे प्रवासी येतात, वाळूजच्या कारखान्यांत कामाला आलेली माणसं येतात, आणि लग्नसराईत वऱ्हाडं. सगळ्यांना दोन गोष्टी हव्या असतात. पांढरी चादर आणि गरम पाणी. दोन्ही तळघरातल्या त्या एका डिझेलच्या बॉयलरवर चालायचं. त्याच्या वाफेवर धुण्याची यंत्रं, त्याच वाफेवर चादरींना इस्त्री करणारा मोठा रोलर आणि त्याच वाफेवर खोल्यांतलं अंघोळीचं पाणी.

दाभाडे साहेब उंच, काटकुळे, मान पुढे काढून चालणारे. वरच्या खिशात टेस्टर आणि हातात लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर. स्क्रूड्रायव्हरचं टोक ते वाफेच्या पाइपाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकत उभे राहायचे. डॉक्टर छाती तपासतो तसं. कुठे वाफ फुकट निसटते आहे हे त्यांना आवाजावरून कळे. दुसरी सवय हाताची. पाइप, भिंत, दार, टाकी, जे दिसेल त्याला ते उजव्या हाताची पाठ लावायचे. आई पोराच्या कपाळाला लावते तशी. आणि म्हणायचे, "याला ताप आहे." ताप म्हणजे उष्णता बाहेर पडते आहे. इतके पाइप तपासून त्या हाताच्या पाठीवर केस उरले नव्हते. घरच्या माणसांच्या कपाळाला त्यांनी असा हात कधी लावला असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या बायकोला भेटल्यावर तर खात्रीच झाली.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. त्या वर्षी बॉयलरला झेंडूची माळ घातली, रफिकभाईंनी स्वतः नारळ फोडला, आणि खोबरं वाटतावाटताच मालक म्हणाले, "हा राक्षस फार डिझेल पितो. वाळूजकडचा एक ठेकेदार आपली सगळी धुणी घ्यायला तयार आहे. होळीपर्यंत बघतो. डिझेल खाली आलं तर ठीक, नाही तर लाँड्री बंद."

तोंडातलं खोबरं कुणी चावलं नाही. लाँड्रीत सगळ्या बायकाच होत्या. त्यांची मुकादम सुभद्राबाई. पडेगावच्याही पुढून यायची. सासरे अजून मेंढरं राखत होते आणि ही तळघरात चादरींचे ढीग राखायची. बायकांना ती मेंढरांसारखीच हाकायची, एका जिभेवर. नवरा कमावता नव्हता, असं म्हणू. होता, पण कमावता नव्हता. तिच्या आणि बाकी बायकांच्या घरची चूल या बॉयलरवर पेटत होती, आणि ही गोष्ट तळघरात प्रत्येकीला न सांगता माहीत होती.

दाभाडे साहेब दुसऱ्या दिवशी खाली गेले. बायकांना रोलरपाशी गोळा केलं आणि म्हणाले, "लाँड्री जाणार नाही. मी वाचवतो. पण मी सांगीन ते करायचं. कुरकुर चालणार नाही."

सुभद्राबाईनं पदर खोचला. "वाचवा साहेब. तुम्ही म्हणाल तर हवेवर कपडे वाळवू."

"हवेवरच वाळवायचे आहेत," ते म्हणाले.

आणि खरंच, ऊन असेल तेव्हा टॉवेल गच्चीवर जाऊ लागले. ओल्या टॉवेलांच्या टोपल्या जिन्यानं चढवायच्या, कारण सामानाची लिफ्ट त्यांनी दुपारी बंद ठेवली होती. बायकांचे गुडघे बोलू लागले. टॉवेलाचं पहिलं पाणी गार केलं. थंडी सुरू झाली तशी हातांना भेगा पडल्या. सुभद्राबाई खोबरेल तेलाची बाटली घेऊन फिरायची आणि एकेकीच्या तळव्यावर ओतायची. "चोळा गं. साहेब लाँड्री वाचवायलेत, आपण हात वाचवू."

आता डब्यांची गोष्ट. वाफेचा मुख्य पाइप लाँड्रीच्या भिंतीला धरून आडवा जायचा. बरीच वर्षं त्याच्या एका भागावरचं वेष्टण गळून पडलं होतं. त्या उघड्या भागावर बायका सकाळी आल्याआल्या आपापले डबे ओळीनं ठेवायच्या. दुपारी भाकरी, वरण, भाजी कढत मिळायची. थंडीत त्याच पाइपापाशी पाठ करून बसायची त्यांची पद्धत होती. मी पण तिथं बसून जेवलेली आहे. ऊन भाकरीसारखं दुसरं काही नाही, मग ती तळघरात का असेना.

दाभाडे साहेबांनी त्या पाइपाला हाताची पाठ लावली आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली. बसलाच होता. "याला तर मरणाचा ताप आहे," म्हणाले. दोन दिवसांत पाइपावर ग्लासवूलचं जाड वेष्टण चढलं, त्यावर चकचकीत पत्रा. हात ठेवला तर गार. डबे ठेवले तर गार.

पहिल्या दुपारी सुभद्राबाईनं डबा उघडला, वरणाचा गोळा बोटानं उचलून दाखवला. "साहेब, हे बघा. खरवस झाला वरणाचा."

"पाइप अन्न गरम करायला नाही," ते म्हणाले.

"व्हय, पण तो तापतच व्हता की. आम्ही काय त्याला अजून तापवत नव्हतो. वाया जाणारी ऊब घेत व्हतो."

"वाया जात होती हेच तर मी म्हणतोय."

हे तर्काला धरून होतं. सुभद्राबाईनं डबा मिटला. भांडायला जागाच ठेवली नव्हती. मी गॅसची छोटी शेगडी आणायला सांगितली तर ते म्हणाले, तळघरात उघडी आग चालत नाही. तेही खरंच. दाभाडे साहेबांचं सगळं खरं असायचं. तेच त्यांच्यातलं वाईट होतं. खोटं बोलणाऱ्या माणसाला निदान ओशाळं करता येतं.

मग बायकांनी गार डबे खाल्ले. लाँड्रीसाठी. कुणी कुरकुरली की सुभद्राबाई दटावायची, "होळीपर्यंत गिळ. मग काय रोज वाफेवरच बसून खा."

त्याच दिवाळीत मालकांनी दिलेला फराळाचा डबा पोचवायला मी पुंडलिकनगरला त्यांच्या घरी गेले होते. सांज झालेली. दार उघडलं, आत काळोख. एक बाई दिसली, म्हणजे बांगड्या वाजल्या म्हणून बाई आहे असं कळलं. काळोखातून दाभाडे साहेबांचा आवाज आला, "या साळवे मॅडम, बसा. डावीकडे खुर्ची आहे."

मी चाचपडत बसले. चहा पण काळोखातच आला. दिवा कधी लावतात असं मी विचारलं तर म्हणाले, "ओळखीच्या घरात उजेड लागत नाही. वस्तू जागच्या जागी ठेवल्या की झालं." ते स्वतः बारा महिने गार पाण्यानं अंघोळ करायचे, हे मात्र खरं. इतरांना जे भोगायला लावलं ते त्यांनीही भोगलं. पण ते त्यांना भोगणं वाटत नव्हतं, आणि बायकोला वाटत होतं.

ते दूध आणायला गेले. स्कूटरचा आवाज कोपऱ्यावरून विरला आणि वहिनींनी एका दमात घरातले सगळे दिवे लावले. बैठकीतला, स्वयंपाकघरातला, देवघरातला, बाल्कनीतली माळ. पंखा लावला. टीव्ही लावला. मग माझ्याकडे बघून हसल्या. गोऱ्या, तरतरीत होत्या. तोवर मला त्यांचा चेहराच माहीत नव्हता.

"हे कोपऱ्यापर्यंत गेले की आमची दिवाळी," त्या म्हणाल्या.

"आणि परत आले की?"

"तीच तर पंचाईत आहे. कोपऱ्यावरून उतार आहे ना, हे स्कूटर बंद करून नुसती घरंगळत आणतात. पेट्रोल वाचतं. आवाजच येत नाही. म्हणून मी अशी खिडकीत उभी राहते." आणि त्या खरंच खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या, एक हात बटणांच्या पाटीवर. बोलता बोलता एकदम सगळं काळं झालं. मिनिटानं दारात दुधाची पिशवी घेतलेली सावली. टीव्हीच्या पाठीला त्यांनी हात लावला तो मला दिसला नाही, पण ऐकू आलं.

"याला ताप आहे," ते म्हणाले.

वहिनींनी माझा कप उचलला. माझा चहा संपला होता.

हिवाळा त्या वर्षी कडक पडला. खोल्यांतलं गरम पाणी दाभाडे साहेबांनी सकाळी नऊपर्यंतच ठेवलं होतं. प्रत्येक न्हाणीघरात पाटी होती. पाहुणे पाट्या वाचत नसतात. जानेवारीत एक मोठं लग्न होतं, मुलाकडचे बीडकडचे. सकाळी हळद. मावश्या, आत्या, चुलत्या सगळ्यांनी नवरदेवाला मनसोक्त पिवळं केलं, आणि तो कानाच्या पाळ्यांपर्यंत माखलेला शॉवरखाली जाऊन उभा राहिला तेव्हा नऊ वाजून गेले होते. साबण लावून झाला आणि पाणी बदललं.

त्याच्या किंकाळीनं मजला गोळा झाला. नवरदेव टॉवेल गुंडाळून व्हरांड्यात कुडकुडत उभा. अर्धा पिवळा, अर्धा फेसाळ. त्याचा मामा रिसेप्शनवर जाऊन गरजला, "नवरदेव हाय तो! म्हैस नाय, गार पाण्यानं धुवायला!"

दाभाडे साहेबांना बोलावलं. ते आले, नवरदेवाकडे बघितलंसुद्धा नाही, न्हाणीघरात जाऊन पाइपाला हात लावला आणि समाधानानं बाहेर आले. "बरोबर आहे. गार आहे. नऊला बंद होतं."

"अहो, पण पोराच्या अंगावर साबण हाय!" मामा म्हणाला.

"साबण गार पाण्यानंही निघतो. वेळ लागतो जरा."

नवरदेवाला गार पाण्यानं उरकावं लागलं. दुपारी अंतरपाटामागे तो इतका शिंकत होता की भटजींना मंगलाष्टकं दोनदा थांबवावी लागली, आणि मुलीकडच्यांनी आपसात तब्येतीची चौकशी सुरू केली. संध्याकाळी मालकांनी दाभाडे साहेबांना बोलावून घेतलं. आम्हाला वाटलं, आता यांचं काही खरं नाही. मालकांनी डिझेलच्या टाकीत बुडवायची पट्टी मागवली, ती किती ओली झाली ते बघितलं आणि म्हणाले, "पुढच्या लग्नाला पाटी जरा मोठी लावा."

तळघरात ही बातमी पोचली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. नवरदेवाला शिंका आल्या तर आल्या. लाँड्री वाचत होती.

बोळातल्या दिव्यांचंही तेव्हाच झालं. बँक्वेट हॉलच्या मागून संडासांकडे जाणारा एक लांब बोळ आहे, खिडकी नसलेला. तिथं त्यांनी ते दिवे लावले, कुणी हललं की लागतात आणि हालचाल थांबली की जातात. किती वेळ लागून राहायचं ते आतल्या एका स्क्रूनं ठरवता येतं. त्यांनी शिडीवर चढून एकेक स्क्रू जाईल तितका कमीकडे फिरवला. बुटांची नाडी बांधायला वाकलेला माणूस उठेस्तोवर काळोखात. बोळाच्या टोकाला रखवालीला बसणारे म्हातारे काका वैतागले. "साहेब, मी काय बसल्या जागी हात हलवत बसू का?"

"हलवा. व्यायाम होतो," दाभाडे साहेब म्हणाले. आणि शिडीवरून उतरताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "जो हलत नाही त्याला उजेड कशाला?"

होळी आली. डिझेल खरंच खाली आलं होतं. हे श्रेय मी त्यांना देते. जवळजवळ निम्म्यावर आलं होतं, आणि त्यात त्यांच्या स्क्रूड्रायव्हरचा, ग्लासवूलचा आणि बायकांच्या गुडघ्यांचा वाटा होता. मालकांच्या केबिनमध्ये आम्ही बसलो होतो. खिडकी उघडी, एसी बंद. मालक संत्रं सोलत होते. खूश होते. लाँड्री राहिली हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. खाली सुभद्राबाई पुरणपोळ्या घेऊन बसली होती, मी बातमी आणली की वाटायच्या म्हणून.

"शाब्बास दाभाडे," मालक म्हणाले. "आता काही गळती राहिली नाही ना?"

हा प्रश्न नव्हता. पंगतीत "पोट भरलं ना?" विचारतात तसं होतं ते. "नाही" म्हणायचं आणि उठायचं. शहाण्या माणसाला एवढंच करायचं असतं.

दाभाडे साहेबांनी मान पुढे काढली. "एक राहिलीय."

"कुठली?"

"लाँड्री."

मला वाटलं त्यांना काहीतरी दुरुस्ती सुचवायची आहे. पण ते बोलत गेले, आणि बोलताना त्यांचा चेहरा मी कधी नव्हे इतका उजळलेला पाहिला. वाफ लागते ती मुख्यतः चादरींना. अंघोळीच्या पाण्याला गच्चीवरचं सोलर आणि एक हीट पंप पुरेल. धुणं बाहेर दिलं की वाफच नको. वाफ नको म्हणजे बॉयलरच नको. डिझेल शून्य. 'शून्य' म्हणताना त्यांचा आवाज हलका झाला. एखाद्याचा देवाचं नाव घेताना होतो तसा.

मालकांनी संत्रं खाली ठेवलं.

"साहेब," मी म्हणाले, "तुम्ही त्या बायकांना शब्द दिलाय."

"दिला होता," ते माझ्याकडे वळून म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "पण त्यांनी विचारलं ना."

मी पुष्कळ बोलले. बाहेरून चादरी कशा येतात, डाग कसे राहतात, मोजणीत कशी लबाडी होते. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकून घ्यायला डिझेल लागत नाही.

खाली सांगायला मात्र ते स्वतः गेले. ते काम त्यांनी माझ्यावर टाकलं नाही, आणि हे मी त्यांच्या बाजूनं सांगते आहे की विरुद्ध, ते मलाही ठरवता आलेलं नाही. रोलरपाशी, त्याच जागेवर उभे राहून त्यांनी सांगितलं. पुरणपोळ्यांचं झाकण उघडलंच नाही.

"तुम्ही तर म्हणला व्हता वाचवतो," सुभद्राबाई म्हणाली.

"वाचवलीच होती. पण न वाचवलेली जास्त परवडते."

कुणी रडलं नाही. रडायला पण समोर माणूस असावा लागतो. एकजण म्हणाली, "आन् आमचे गार डबे?" तिला बाकीच्यांनी गप्प केलं.

शेवटच्या दिवशी रफिकभाईंनी आग विझवली आणि उरलेली वाफ सोडली. ती गच्चीवरच्या नळीतून शिट्टी घालत गेली, रस्त्यावरची माणसं वर बघू लागली. "लो साब," ते म्हणाले, "अब दिल से बंद." ते पुढे एका औषधाच्या कारखान्यात लागले. बॉयलर चालवणाऱ्याला कुठेही काम मिळतं. चादरी घडी करणारीला नाही.

निघताना सुभद्राबाईनं आपला डबा दाभाडे साहेबांच्या हातात ठेवला. "घ्या साहेब. गार हाय. तुम्हाला तसंच आवडतं."

कोणाही माणसाला ते लागलं असतं. यांनी झाकण काढलं, भाकरी मोडली आणि उभ्याउभ्या खाल्ली. मिरचीचा ठेचा बोटानं पुसून घेतला. "चव आहे हाताला," म्हणाले. डबा धुवून आणून दिला, गार पाण्यानं. सुभद्राबाईनं माझ्याकडे बघितलं. आपण थुंकावं आणि समोरच्यानं पाऊस आला म्हणावं, असं तिचं तोंड झालं होतं.

पुढच्या दसऱ्याला पूजेला बॉयलर नव्हता. दिवाळीनंतर दाभाडे साहेब माझ्या खोलीत आले, टेबलावरचा दिवा बंद केला आणि बसले. मालकांनी त्यांना बोलावलं होतं. वाफ नाही, बॉयलर नाही. दिवे आपले आपण विझतात. गीझर-पंप बघायला बाहेरची एजन्सी येते. मग चीफ इंजिनियर कशाला?

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असतो तर हे उन्हाळ्यातच केलं असतं." त्यांनी टेबलाला हाताची पाठ लावली, सवयीनं. टेबलाला काही नव्हतं. मग उठले आणि जाताना वरचा दिवाही बंद करून गेले. मी आत बसलेलीच होते.

काही वर्षांनी त्यांना लकवा झाल्याचं कानावर आलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

गेल्या लग्नसराईत आमच्या बँक्वेट हॉलमध्ये एक रिसेप्शन होतं. दाभाडे आडनाव होतं, पण मी लक्ष दिलं नाही, दाभाडे पुष्कळ आहेत. ठेकेदाराकडून आलेले टेबलक्लॉथ पुन्हा डागाळलेले निघाले होते, आणि ते बदलायला मी मागच्या बोळातून निघाले. बोळात काळोख होता. मी शिरले तसा पहिला दिवा लागला, मग दुसरा, आणि तिसऱ्याखाली चाकाच्या खुर्चीत दाभाडे साहेब बसलेले. अंगावर शाल, मान पुढे. शेजारी स्टुलावर, मांडीवर डबा घेऊन, सुभद्राबाई.

"मॅडम!" ती उठली. जाड झाली होती, केस पांढरे. "बघा, गाठ पडली."

"तुम्ही इथं कशा?"

"पेशंट सांभाळायचं काम करते की आता. लाँड्री गेल्यावर कुठं कुठं फिरले. मग एका ओळखीनं वहिनींकडं लागले. पगार बरा हाय." तिनं साहेबांकडे हात केला, एखादी वस्तू दाखवावी तसा. "यांच्यापायी काम गेलं, यांच्यापायीच मिळालं. फिटलं."

"आणि इथं बोळात का बसलात? आत यांच्याकडचंच रिसेप्शन आहे ना?"

"पुतण्याचंच हाय. वहिनी म्हणल्या बाहेरच ठेवा. फोटोत येतात म्हणल्या." हॉलचं दार उघडलं, आतून उजेड आणि बँडचा आवाज आला. झुंबरं, माळा, फुलांच्या कमानीवरचे रंगीत दिवे, सगळं लखलखत होतं. मध्ये वहिनी, भरजरी साडीत, कुणाशी तरी हसत होत्या. दार मिटलं. "घरी पण आता असंच असतं मॅडम. सगळीकडं लाइट. एसी दोन लावलेत. लई मजेत हायेत वहिनी."

साहेबांनी मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. डोळे माझ्यावर होते, मग वर दिव्यावर गेले. सुभद्राबाईनं डब्यातला भात कालवून त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं. भात गारढोण होता. त्याची शितं एकमेकांना चिकटून बसली होती, हे मला उभ्याउभ्या दिसलं.

"गरम करून घ्यायचा ना. किचनमध्ये मी सांगते," मी म्हणाले.

"नगं मॅडम. यांना गारच लागतं," ती म्हणाली आणि त्यांची हनुवटी पुसली, नीट, टापटिपीनं. काम ती पहिल्यापासून चोख करायची.

आम्ही तिघंही जरा वेळ हललो नाही. दिवा गेला.

काळोखात शाल सरकल्याचा आवाज झाला. दिवा पुन्हा लागला. साहेबांचा डावा हात शालीतून बाहेर आला होता आणि हळूहळू, थरथरत, वरच्या दिव्याच्या दिशेनं उचलला जात होता. छातीपर्यंत आला, खांद्यापर्यंत आला. डोळे ताणलेले होते.

सुभद्राबाईनं तो हात धरला, खाली घेतला आणि शालीत घालून वरून घट्ट खोचला. झोपलेल्या पोराचा खोचतात तसा.

"हात हलवू नका साहेब," ती म्हणाली. "दिवा लागतो."

ती परत स्टुलावर बसली आणि मांडीवर हात ठेवून निश्चल झाली. आत टेबलक्लॉथची वाट बघत होते. मी निघाले. माझ्या पुढचे दिवे एकेक करून लागत गेले. मागचे आपोआप गेले.